डबीवरचं हार्मोन

पुढच्या संवादातली दोन्ही माणसं मी कल्पिलेली आहेत. मामा वाईकडचे वैद्य, आता चिकित्सा बंद केलेले. भाची पुण्यात जनावरांची डॉक्टर, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. वाद मात्र कल्पित नाही. जनावरांच्या दवाखान्यात तो रोज चालतो. फरक एवढाच की तिथे डॉक्टर बोलतात, कुत्रंवाला मान डोलावतो आणि घरी जाऊन स्वतःला पटेल तेच करतो. इथे दोघांनाही बोलू दिलं आहे.

वादाचं कारण राणी, मामांची अकरा वर्षांची कुत्री. घरचे तिला पॉमेरेनियन म्हणतात. आपल्याकडे ज्यांना पॉमेरेनियन म्हणतात त्यातले बहुतेक इंडियन स्पिट्झ असतात, तशीच ही. गेले काही महिने राणी भांडंच्या भांडं पाणी पिते, रात्री घरातच लघवी करते. पोट सुटलंय, दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झालेत आणि भूक अशी की शेजारच्यांच्या ताटापर्यंत मजल जाते. भाचीनं सोनोग्राफी केली, डेक्सामेथासोन टोचून रक्त तपासलं. निदान झालं कुशिंगचं. ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे हार्मोन गरजेपेक्षा जास्त बनवत राहतात, तो हा आजार. कुत्र्यांमध्ये शंभरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी वेळा त्याचं मूळ मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतल्या गाठीत असतं. भाचीनं ट्रायलोस्टेन लिहून दिलं. मामांनी पिशवीतून एक डबी काढून टेबलावर ठेवली.

मामा : तुझं औषध जन्मभर द्यायचं. महाग तर आहेच, वर तूच चिठ्ठीवर लिहिलंयस की उलटी झाली, मरगळ आली तर लगेच फोन करा. म्हणजे आजाराबरोबर औषधाचीही धास्ती. त्यापेक्षा ही पावडर बघ. वनस्पतींची आहे, दुष्परिणाम नाहीत, 'हार्मोन बॅलन्स' करते. कुत्रा, मांजर, दोघांनाही चालते.

भाची : मागची बाजू वाचलीत का, मामा? चष्मा लावा आणि वाचा.

मामा : अश्वगंधा, शतावरी, ज्येष्ठमध, गुग्गुळ, केल्प. केल्प म्हणजे समुद्रातली वनस्पती.

भाची : ज्येष्ठमध कुशिंगच्या कुत्रीला? ज्येष्ठमधानं काय होतं ते तुम्हाला मी सांगायचं?

मामा : घशाला देतो, आम्लपित्ताला देतो. गोड, शीत, बल्य. लहान पोरं चघळतात.

भाची : चघळू देत की. पण मूत्रपिंडात एक एन्झाइम असतं. कॉर्टिसॉल तिथे पोचलं की ते त्याला निकामी करतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिरायझिन नेमकं त्याच एन्झाइमला अडवतं. मग कॉर्टिसॉल मूत्रपिंडात नको ते काम करायला लागतं, मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर घालवतं, रक्तदाब चढवतं. राणीच्या अंगात कॉर्टिसॉल आधीच उतू चाललंय आणि तिचा रक्तदाब आताच जास्त आहे.

मामा : हे कुणी बघितलंय, की नुसतं पुस्तकातलं?

भाची : बघितलंय. १९४६ साली हॉलंडमध्ये रेव्हर्स नावाच्या डॉक्टरनं पोटाच्या अल्सरवर ज्येष्ठमधाचा अर्क दिला. अल्सरला आराम पडला, पण काहींच्या अंगावर सूज आली, धाप लागली. पुढे १९५० च्या दशकात डच डॉक्टरांनी त्याच गुणाचा उपयोग करून घेतला. ॲडिसनच्या रोगात ॲड्रिनल ग्रंथी निकामी होत आलेल्या असतात, शरीरात मीठ टिकत नाही. त्या रोग्यांना त्यांनी ज्येष्ठमध दिलं आणि काहींना त्याचा फायदाही झाला.

मामा : बघ! म्हणजे औषध आहे ते. तुम्ही लोक एरवी म्हणता की आमच्या मुळ्यांत काही नसतं.

भाची : मी कधी म्हटलं? आहे म्हणूनच घाबरते. ॲडिसन आणि कुशिंग ही एकाच ग्रंथीची दोन उलटी दुखणी. एकाला जे तारेल ते दुसऱ्याला बुडवेल. आणि तुमची डबी म्हणते, 'हार्मोन बॅलन्स', म्हणजे दोघांनाही चालतं.

इथे मी मधे बोलतो. 'नैसर्गिक' म्हटलं की आपण दोन गोष्टी एकदम मागतो. ते लागू पडावं आणि त्यानं काही बिघडू नये. पण ज्यानं काही बिघडूच शकत नाही त्यानं काही सुधारेल कसं, हा प्रश्न डबी विकत घेताना मनात येत नाही. इन्सुलिनचंच घ्या. मधुमेही कुत्र्यांना अनेक देशांत डुकराचं इन्सुलिन देतात, कारण डुकराच्या आणि कुत्र्याच्या इन्सुलिनमधला अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत सारखा आहे. यापेक्षा नैसर्गिक काय असणार? आणि त्याच इन्सुलिनचे दोन थेंब जास्त गेले तर कुत्रं आचके देतं.

मामा : बरं, ज्येष्ठमध सोड. अश्वगंधेचं काय? थायरॉइडला ती देतात, हे आता तुमचेही लोक बोलायला लागलेत.

भाची : बोलतात, आणि त्याला आधार आहे. इंदूरच्या संशोधकांनी १९९८ साली उंदरांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क दिला, तेव्हा त्यांच्या रक्तातलं थायरॉइड हार्मोन वाढलं. गुग्गुळाबद्दलही उंदीर-घुशींवर तसंच दिसलंय. आता मला सांगा, ही डबी कुत्रा आणि मांजर दोघांना. म्हाताऱ्या मांजराला थायरॉइडचा कोणता आजार होतो?

मामा : मी माणसांचा वैद्य. तू सांग.

भाची : कुत्र्याची थायरॉइड मंदावते, मांजराची भडकते. कुत्रं जाडं होतं, सुस्तावतं, शेपटीचे केस जाऊन ती उंदराच्या शेपटीसारखी दिसायला लागते, उबेला कोपऱ्यात पडून राहतं. मांजराचं नेमकं उलटं. दहा-बारा वर्षांचं मांजर एकाएकी चार मांजरांचं खातं आणि तरी हाडकुळं होत जातं, रात्रभर ओरडतं, काळीज धडधडत असतं. त्याला अश्वगंधा म्हणजे पेटत्या चुलीत रॉकेल.

मामा : मग केल्प तरी?

भाची : त्यात आयोडीन. कुत्र्याची थायरॉइड आयोडीन कमी पडलं म्हणून मंदावत नाही. त्याच्याच प्रतिकारशक्तीनं ती ग्रंथी कुरतडलेली असते, नाहीतर ती आपोआप वाळत गेलेली असते. कारखाना जळून गेल्यावर कच्चा माल पाठवून काय उपयोग? उलट जास्तीचं आयोडीन उरल्यासुरल्या ग्रंथीलाही दाबतं. त्याला लेव्होथायरॉक्सिनची गोळी लागते. स्वस्त आहे, माणसांच्या मेडिकलमध्ये मिळते, आणि दीड-दोन महिन्यांत कुत्रं परत दारापर्यंत धावत येतं.

मामा : हे सगळं शालिहोत्रात, पालकाप्याच्या हस्त्यायुर्वेदात नाही, असं म्हणणार ना तू?

भाची : घोड्या-हत्तींचं शास्त्र आपल्याकडे मोठं होतं, मला त्याचा अभिमानच आहे. पण मांजराच्या भडकलेल्या थायरॉइडचं पहिलं नीट वर्णन १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये झालं. त्यासाठी जुना पाठ कुठून आणणार?

मामा : वर्णन १९७९ चं असेल, मांजर तर जुनंच आहे.

भाची : (हसून) खरंय. आणि ते आताच एवढं का दिसायला लागलं, यावर अजून भांडणं चालू आहेत. कुणी डबाबंद खाण्याकडे बोट दाखवतं, कुणी सोफ्या-गाद्यांमधल्या आग रोखणाऱ्या रसायनांकडे.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग रागावले; पण भाचीवर नाही, डबीवर. हा राग मला महत्त्वाचा वाटतो, कारण या वादात वैद्य आणि डॉक्टर दोन टोकांना उभे असतात असं आपण धरून चालतो.

मामा : एक ऐक. हे आयुर्वेदातलं नाहीच. आम्ही नाडी बघतो, प्रकृती बघतो, अग्नी कसा आहे, मळ-मूत्र कसं आहे, वय काय, ऋतू कोणता, हे बघून मग मात्रा ठरते. एकच चूर्ण कुत्र्याला, मांजराला, कमी झालेल्याला आणि वाढलेल्यालाही, असं सांगणाऱ्याला माझ्या गुरूंनी दारातही उभं केलं नसतं. हा किराणा आहे, चिकित्सा नव्हे. औषध म्हणून विकायचं तर कायदा आडवा येतो, म्हणून 'पूरक' म्हणायचं.

भाची : अमेरिकेतही तीच गंमत आहे. माणसांच्या पूरकांसाठी तिथे १९९४ चा वेगळा कायदा आहे, पण तो जनावरांना लागू नाही, असं त्यांच्या औषध-प्रशासनानं १९९६ मध्येच सांगून टाकलं. जनावराला तुम्ही देता ते एकतर अन्न, नाहीतर औषध. तरी तिथली दुकानं भरलेलीच आहेत.

मामा : पण म्हणून तुमचं सगळं धुतल्या तांदळाचं, असं समजू नकोस. कुत्रं खाजवायला लागलं की तुमच्यातले काहीजण काय करतात? एक सुई. पंधरा दिवसांनी परत सुई. ती सुई कशाची असते?

भाची : स्टेरॉइडची.

मामा : आणि त्यानं काय होतं?

भाची : कुशिंगच होतं. औषधानं आलेलं कुशिंग. तीच तहान, तेच पोट, तीच पातळ कातडी. ही आमची बाजू लंगडी आहे, मान्य. माझ्याकडे येणाऱ्या कुशिंगसारख्या दिसणाऱ्या कुत्र्यांत मी पहिला प्रश्न तोच विचारते, की सुया किती झाल्या, कानात, कातडीवर कोणतं मलम लावता.

मामा : मग लोकांनी घाबरून नैसर्गिककडे धाव घेतली तर दोष कुणाचा?

भाची : धाव घ्यायला हरकत नाही, पण ती कशी घेतात ते बघा. सहा महिने रोज स्टेरॉइडची गोळी चालू असते. एक दिवस कुणीतरी सांगतं, हे विष आहे, फेकून द्या, हळद सुरू करा. फेकतात. इतके दिवस बाहेरून आयतं मिळत होतं म्हणून कुत्र्याच्या स्वतःच्या ॲड्रिनल ग्रंथी झोपून गेलेल्या असतात. आठवडाभरात कुत्रं उलट्या करत, गार पडून दवाखान्यात येतं. हळदीनं मारलं नाही त्याला, गोळी एकदम बंद केल्यानं मारलं. स्टेरॉइड उतरवत उतरवत सोडायचं असतं.

या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं, म्हणून मीही तिथे थांबत नाही. मधुमेहावर मात्र पुन्हा खडाजंगी झाली.

मामा : मेथी, कारलं, गुडमार यांनी माणसांची साखर उतरते. मी शेकड्यांनी बघितली आहेत.

भाची : माणसांची. त्यांच्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी शिल्लक असतात, म्हणून ढोसून कामाला लावता येतात. कुत्र्याच्या मधुमेहात बहुतेक वेळा त्या पेशी संपलेल्याच असतात. तिथे ढोसणार कुणाला? पहिल्या दिवसापासून इन्सुलिनच. आणि वर्षभरात बहुतेकांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतो. इन्सुलिन दिलं तरी पुष्कळांना होतो, न दिलं तर कुत्रं जगतच नाही. १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्टनी ज्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आणलं ते कुत्र्यांवरच. मार्जोरी नावाची कुत्री स्वादुपिंड काढून टाकल्यावरही सत्तरेक दिवस त्या अर्कावर जगली. माणसाला ते त्याच्यानंतर मिळालं. कुत्र्यांनी आपल्याला दिलेलं औषध कुत्र्यांनाच नाकारून मेथीचे दाणे द्यायचे?

मामा : मांजराचंही असंच?

भाची : मांजर तुमच्या बाजूचं. त्याचा मधुमेह माणसाच्या टाइप २ सारखा, बसून-खाऊन लठ्ठ झालेल्या बोक्यांचा. लवकर इन्सुलिन सुरू केलं, कोरडे दाणे बंद करून मांसाचं, कमी पिष्टाचं खाणं दिलं, वजन हळूहळू उतरवलं, तर कित्येक मांजरांचं इन्सुलिन सुटतं. पथ्यानं रोग हटतो याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे दुसरं नाही.

मामा : मग पथ्यच म्हण ना. पूरक कशाला म्हणतेस?

भाची : मी कुठे म्हणते? पूरकवाले म्हणतात. आणि मांजराच्या बाबतीत पूरकाची सगळ्यात वाईट गोष्ट ऐका. घरात आजोबांना मधुमेहानं पायाची आग होते म्हणून नसांच्या कॅप्सूल असतात. त्यांत बऱ्याचदा अल्फा लिपोइक ॲसिड असतं. 'आजोबांना मधुमेह, बोक्यालाही मधुमेह' म्हणून कुणी ती कॅप्सूल फोडून बोक्याला दिली तर त्याचं यकृत जाऊ शकतं. कुत्र्याच्या मानानं मांजराला ते द्रव्य दहापट विषारी आहे. वनस्पतींतही असतं बरं का ते, पालकात असतं.

मामा : पालक देऊ का नको?

भाची : पालकात कणभर असतं, आजोबांच्या कॅप्सूलमध्ये किती असतं त्याचा विचार करा. आणखी एक, इन्सुलिन माणसांच्या मेडिकलमधून आणता तेव्हा सिरिंज बघून घ्या. आपल्याकडे ४० युनिटवालं आणि १०० युनिटवालं, दोन्ही इन्सुलिनं मिळतात, त्यांच्या सुयाही वेगळ्या. अदलाबदल झाली तर अडीचपट डोस जाऊ शकतो. याच्यापुढे मेथी-कारल्याचा वाद फार लहान आहे.

मग नसबंदी निघाली. मामांना ती निसर्गात ढवळाढवळ वाटते. भाचीनं त्यांना कुत्रीचं चक्र समजावून सांगितलं. माजानंतर, पिल्लं असोत-नसोत, कुत्रीच्या अंगात साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन भरलेलं राहतं. त्याच्या जोरावर स्तनग्रंथीच वाढीचं हार्मोन बनवायला लागतात आणि ते इन्सुलिनला काम करू देत नाही. नसबंदी न झालेल्या प्रौढ कुत्रीला माजानंतर मधुमेह होतो तो असा. वेळेत गर्भाशय-अंडाशय काढले तर कधीकधी तो परतही जातो. शिवाय अशी कुत्री एकाएकी पाणी प्यायला लागली तर आधी गर्भाशयात पू झालाय का ते बघायचं, कारण त्यात दिवसच काय, तासही हातचे जातात. मामांचं म्हणणं बदललं नाही. पण राणीची नसबंदी झालेली आहे, हे त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितलं.

मामा : तू माझं सगळं खोडलंस. तुझ्या कपाटात पूरक म्हणून एकही गोष्ट नाही?

भाची : आहेत. मेलाटोनिन आहे. खऱ्या पॉमेरेनियनचे केस कधीकधी काहीही कारण नसताना झडतात, कातडी काळी पडते, बाकी कुत्रं ठणठणीत. हार्मोनच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. तिथे मी आधी मेलाटोनिनच देते, काहींचे केस येतात, काहींचे नाही. आजार जिवावरचा नाही, मग जड औषध कशाला? दुसरं माशाचं तेल. कुशिंग आणि थायरॉइड, दोन्हींत रक्तातली चरबी वाढते, कातडी कोरडी होते, त्याला ते बरं. तिसरं तुमचं जवस.

मामा : अळशी? आता आलीस वळणावर.

भाची : जवसाच्या सालीत लिग्नान असतात. ॲड्रिनल ग्रंथीत हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमांना ते थोडेसे मंद करतात, असं परीक्षानळीत दिसलंय. अमेरिकेत टेनेसी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं सौम्य किंवा आडवळणी कुशिंगमध्ये मेलाटोनिन आणि लिग्नान यांची जोडी बरीच वर्षं सुचवली. पण कुत्र्यांवर नीट तुलना करून केलेलं काम फार तोकडं आहे. आणि दोन ठेचा सांगते. जवसाच्या तेलात लिग्नान जवळपास नसतातच, तेलाची बाटली आणून काही होणार नाही. आणि मेलाटोनिनच्या चघळायच्या गोड गोळ्या आणू नका. त्यांत झायलिटॉल असेल तर कुत्र्याची साखर धाडकन उतरते, यकृतही जातं. लेबल वाचल्याशिवाय माणसांचं काहीही नाही.

मामा : मग राणीला तेच सुरू करू. तीन महिने बघू.

भाची : तिची लक्षणं सौम्य असती तर मी हो म्हटलं असतं. कुशिंगमध्ये आम्ही रिपोर्टमधल्या आकड्यावर उपचार करत नाही, लक्षणांवर करतो. रिपोर्ट वाईट आणि कुत्रं मजेत, अशांना मी गोळी न देता नुसतं बघत राहते. पण ही रात्री तीनदा उठते, रक्तदाब जास्त आहे. हिला ट्रायलोस्टेन लागेल.

मामा : माझ्या डोळ्यांनी दिसेल ना, बरी होतेय की नाही ते.

भाची : डोळ्यांवरच तर विश्वास नाही. तुमच्याही आणि माझ्याही. लंगडणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेत एक प्रयोग झाला. काहींना औषधाऐवजी नुसत्या साध्या गोळ्या दिल्या होत्या. कुत्री पायावर किती भार देतात ते यंत्रानं मोजलं, काही फरक नव्हता. तरी निम्म्याहून जास्त मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं. आणि डॉक्टरांनाही! शंभरातल्या चाळीसेक वेळा. कुत्र्याला औषधाचं नाव ठाऊक नसतं, पण आपल्याला असतं ना.

मामा : मग चाळीस वर्षं मी जे पाहिलं ते काय?

भाची : त्यातलं कितीतरी खरं असेल. कुठलं, तेवढं सांगता येत नाही.

या उत्तरावर मामा खूश झाले नाहीत, आणि मला वाटतं होऊही नयेत. वैद्याचं आयुष्यभराचं पाहणं आणि यंत्राचा आकडा यांचा हिशोब एका दुपारी मिटत नाही. मी स्वतः भाचीच्या बाजूचा आहे, हे वाचणाऱ्याला एव्हाना कळलंच असेल. तरी मामांचा एक आग्रह मला पटतो, की आजार जन्मभराचा असेल तर जनावराबरोबर राहणाऱ्या माणसाच्या हातातही काहीतरी असायला हवं, नुसती गोळी नव्हे.

भाचीनंही ते ओळखलं असावं. तिनं मापं काढली. दिवसाला किलोमागे शंभर मिलिलिटरच्या वर पाणी गेलं तर कुत्र्याची तहान नेहमीची नाही. राणी आठ किलोची, म्हणजे आठशे मिलिलिटर ही तिची रेघ. सकाळी मोजून भरायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजायचं, वहीत लिहायचं. ट्रायलोस्टेन जेवणाबरोबर. दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं, कारण औषध जास्त झालं तर कॉर्टिसॉल पार खाली जाऊन उलटा आजार होतो. चिठ्ठीवरचा तो फोन त्यासाठी.

मामा : आणि जवस आजपासूनच देतो. राणीला काय, कशानं बरं वाटलं याच्याशी घेणं-देणं नाही.

भाची : तिला नाही, मला आहे. दोन्ही एकदम सुरू केलंत तर डोस कमी करायचा की वाढवायचा हे मी कशावरून ठरवू? रक्त तपासून होईपर्यंत थांबा. मग द्या, मी नको म्हणणार नाही.

मामा : दोन आठवडे?

भाची : दोन आठवडे. आणि नुसतं कुटलेलं जवस. मामीची चटणी नाही हं, तिच्यात लसूण असतो, तो कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो.

मामा : ती चटणी राणी गेली दहा वर्षं भाकरीला लावून खातेय.

भाची : मग आज रक्ताच्या नळीवर मी आणखी एक तपासणी लिहिते.